पिशवी काढली, हाडांचं कोण बघणार?

इंदूरच्या मराठी वस्तीत, लोकमान्यनगर म्हणा, सुदामानगर म्हणा, साठी ओलांडलेल्या बायकांना विचारा की हाडं ठिसूळ झालीत म्हणून काय घेता. बहुतेकींचं उत्तर येईल, कॅल्शियम. जरा खोदून विचारलं तर कळतं की डॉक्टरांनी आठवड्याची एक गोळीही लिहून दिली होती, पण ती दोन-तीन महिन्यांत सुटली, कारण ‘त्याने जबडा सडतो म्हणे’. पाळी गेल्यावर द्यायच्या हार्मोनचं नाव काढलं तर विषय तिथेच संपतो, कारण ‘त्याने कॅन्सर होतो’. ज्या उपायांनी हाड मोडणं खरोखर टळतं ते भीतीपोटी बाजूला पडले आहेत आणि ज्याचा एकट्याचा उपयोग फार थोडा, तो घरोघरी पोचला आहे.

या दोन्ही भीतींत तथ्य आहे, हे आधीच मान्य करते. पण ती भीती कोणत्या बाईला किती लागू पडते, हे तिच्या वयावर आणि तिची पाळी कशी गेली यावर ठरतं. तेवढं बोलायला आपल्याकडे कुणाला सवड नाही, आणि ज्या बाईशी हे सगळ्यात आधी बोलायला हवं तिच्याशी तर कुणीच बोलत नाही. ती बाई म्हणजे पस्तिशी-चाळिशीत पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली बाई.

आमचं घरचं औषधांचं दुकान आहे आणि काउंटरवर मी वर्षानुवर्षं बसते, त्यामुळे चिठ्ठीही दिसते आणि चिठ्ठीचं पुढे काय होतं तेही. आठवड्याच्या गोळीची पट्टी चार गोळ्यांची, म्हणजे महिनाभराची. पहिली पट्टी जाते, दुसरी जाते, मग त्याच बाई फक्त कॅल्शियम घ्यायला येतात. विचारलं तर कुणी सांगतं छातीत जळजळतं, कुणी सांगतं नणंदेने मोबाइलवर काहीतरी वाचून दाखवलं. थंडीत समाजाच्या एखाद्या हॉलमध्ये हाडांच्या मोफत तपासणीचं शिबिर लागतं. टाचेला जेल लावून छोटं यंत्र टेकवतात, दोन मिनिटांत आकडा छापलेली चिठ्ठी हातात पडते आणि सोबत कॅल्शियमच्या गोळ्यांचा नमुना. टाचेची ही अल्ट्रासाउंड तपासणी वेगळी आणि कंबर-खुब्याची डेक्सा, म्हणजे एक्स-रेने हाडाची घनता मोजणारी तपासणी, वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठिसूळपणाची व्याख्या केली, टी-स्कोर (तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली, ती डेक्साच्या मोजमापासाठी. टाचेच्या आकड्याला ती लावता येत नाही. पण चिठ्ठीवर आकडा बघून बाई घाबरते, कॅल्शियम सुरू करते आणि आपला इलाज चालू आहे या समजुतीत वर्षं काढते.

हाड जिवंत असतं. जुनं हाड पोखरणाऱ्या पेशी आणि नवं भरणाऱ्या पेशी आयुष्यभर शेजारीशेजारी काम करत असतात, आणि पोखरणाऱ्यांवर अंडाशयांत बनणाऱ्या इस्ट्रोजेन या हार्मोनचा लगाम असतो. पाळी जाते तेव्हा तो सुटतो. पहिल्या पाच-सात वर्षांतच काही बायकांचं वीस टक्क्यांपर्यंत हाड जातं. अमेरिकेत फुलर अलब्राइट यांनी १९४० च्या आसपास हा संबंध दाखवून दिला, म्हणजे ही माहिती आता ऐंशी वर्षांहून जुनी. पाश्चात्त्य देशांत पाळी सरासरी एकावन्नाव्या वर्षी जाते, आपल्याकडे सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या. आपल्या बायकांची गळती चार-पाच वर्षं आधीच सुरू होते. त्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता. भर उन्हाच्या माळव्यातही ती आहेच, कारण ऊन अंगणात असतं आणि बाई स्वयंपाकघरात.

हे सगळं चालू असताना काही दुखत नाही. मणके दबतात तेही बहुतेक वेळा गुपचूप. परकर जमिनीला लागायला लागतो, त्याला आतून दुमड घालावी लागते, ब्लाउज पाठीवर वर चढतो आणि पुढे ढिला पडतो. घरातले म्हणतात, वय झालं. ते वय नसतं, एक किंवा दोन मणके चेपलेले असतात. मला वाटतं, परकराला दुमड घालायची वेळ आली की बाईने शिंप्याकडे जाण्याआधी पाठीचा एक्स-रे काढावा.

आता हार्मोनची भीती. तिचा उगम एका अभ्यासात आहे. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या प्रचंड चाचणीचा एक भाग जुलै २००२ मध्ये मुदतीआधी थांबवला गेला. त्यात गर्भाशय असलेल्या १६,६०८ बायका होत्या, त्यातल्या निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि गर्भाशयाच्या अस्तराला जपणारं प्रोजेस्टिन एकत्र दिलं जात होतं. स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढला, ही बातमी जगभर गेली आणि डॉक्टरांनी रातोरात चिठ्ठ्या बदलल्या. त्याच अभ्यासाचे आकडे दुसऱ्या पद्धतीने मांडले तर असे दिसतात: दर दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या ८, पक्षाघाताच्या ८, फुप्फुसात गुठळी अडकण्याच्या ८ आणि हृदयविकाराच्या ७ केसेस जास्त; खुबा मोडण्याच्या ५ आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ६ केसेस कमी. दोन्ही मांडण्या खऱ्याच आहेत. पण बाईला सांगायची ती दुसरी, कारण तिच्यावरून तिला स्वतःचा हिशोब करता येतो.

आणि त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे विसरलं गेलं. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या, काहींच्या रक्तवाहिन्या आधीच कडक झालेल्या बायकांना तोंडावाटे हार्मोन सुरू केलं तर काय होतं, हे त्या चाचणीने दाखवलं. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, पाळी नुकती गेलेल्या बाईला तोच हिशोब जसाच्या तसा लावता येत नाही. पुढच्या विश्लेषणांतून दिसलं ते असं की साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर फायद्याचं पारडं बऱ्याच जणींच्या बाबतीत जड होतं. कातडीवर लावायच्या पट्टीने किंवा जेलने गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो, कारण ते औषध आधी यकृतातून जात नाही.

त्याच चाचणीचा दुसरा भाग आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याची बातमी आपल्यापर्यंत पोचलीच नाही. त्यात गर्भाशय काढलेल्या १०,७३९ बायका होत्या. गर्भाशय नाही म्हणजे त्याच्या अस्तराच्या कॅन्सरचा प्रश्न नाही, म्हणून त्यांना प्रोजेस्टिनची गरज नव्हती. नुसतं इस्ट्रोजेन दिलं. २००४ साली हाही भाग थांबवला, पक्षाघात वाढला म्हणून, आणि ते लपवायचं कारण नाही. पण स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. पुढे कित्येक वर्षं त्या बायकांवर लक्ष ठेवलं तेव्हा तो इस्ट्रोजेन घेतलेल्यांत कमीच आढळला. खुबे मोडण्याचं प्रमाणही घटलं. म्हणजे ‘हार्मोनने कॅन्सर होतो’ हे वाक्य ज्या बाईला सगळ्यात कमी लागू पडतं ती पिशवी काढलेली बाई, आणि तेच वाक्य ऐकून ती आयुष्यभर हार्मोनपासून दूर राहते.

अशा बायका आपल्याकडे थोड्या नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ३.३ टक्के बायकांची पिशवी काढलेली आढळली, आणि या शस्त्रक्रिया बहुतांश खाजगी रुग्णालयांत होतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या अमलात आणा असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राज्यांना बजावलं. ही सगळी चर्चा शस्त्रक्रिया गरजेची होती की नव्हती यावर झाली, ती व्हायलाच हवी होती. शस्त्रक्रियेनंतरच्या चाळीस वर्षांबद्दल मात्र कुणी बोललं नाही.

इंदूर-देवास-धारकडच्या बायका औषध घ्यायला येतात तेव्हा जुनी फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतात. तिच्यात डिस्चार्ज कार्ड असतं आणि त्यावर घाईच्या अक्षरात ‘टीएएच विथ बीएसओ’. यातल्या शेवटच्या तीन अक्षरांचा अर्थ असा की गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयही काढले. त्या बाईला विचारा, अंडाशय ठेवलेत की काढलेत? ती म्हणते, ‘बच्चेदानी निकाल दी, बस इतना बोला था.’ अडतिसाव्या वर्षी तिचं इस्ट्रोजेन एका दुपारीत बंद झालं, आणि हे तिला ठाऊक नाही. अंगातून वाफा निघणं, रात्री घामाने उठून बसणं, चिडचिड, हे सगळं ती ‘ऑपरेशनची गरमी’ म्हणून सोसते.

अंडाशय ठेवलेल्या बाईचंही कठीणच. गर्भाशय काढल्यावर अंडाशयांचं काम पुष्कळ जणींत अपेक्षेपेक्षा लवकर मंदावतं. एरवी बाईला पाळी गेल्याची तारीख तरी कळते. इथे पाळीच उरलेली नसते, त्यामुळे इस्ट्रोजेन कधी गेलं याची कुठलीच खूण तिच्याकडे नाही. डॉक्टर विचारतात, पाळी कधी गेली? ती ऑपरेशनचं वर्ष सांगते आणि हिशोब तिथूनच चुकतो.

पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय गेलेल्या बाईला, स्तनाचा कॅन्सर किंवा गुठळीचा इतिहास अशी अडचण नसेल तर, निदान नैसर्गिकरीत्या पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शरीराने आणखी दहा-बारा वर्षं स्वतःच बनवलं असतं तेच तिला परत द्यायचं आहे. हे न देता तिला पन्नाशीला कॅल्शियमवर आणि साठीला हाडाच्या गोळीवर आणून सोडणं हा अन्याय आहे. माझा शब्द कडक वाटला तरी तो मी मागे घेणार नाही.

याविरुद्धचं म्हणणं हलकं नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं की पाळी गेलेल्या बाईला निव्वळ पुढचे आजार टाळण्यासाठी हार्मोन देऊ नये. पण हा सल्ला अकाली किंवा शस्त्रक्रियेने पाळी गेलेल्या बायकांसाठी नाही, आणि वाफांसारख्या त्रासासाठी औषध घेणाऱ्यांसाठीही नाही, हे त्याच कागदात लिहिलेलं आहे. त्याहून वजनदार आहे तो २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला एकत्रित हिशोब. पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं इस्ट्रोजेन आणि रोजचं प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टिन याच गटातलं) घेतलं, तर वीस वर्षांत दर ५० बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरची एक जादा केस. हा आकडा छोटा म्हणून झटकण्याजोगा नाही. शिवाय हार्मोन बंद केलं की हाडाची गळती पुन्हा सुरू होते, पाच वर्षं घेऊन जन्माची सोय होत नाही.

म्हणून गर्भाशय असलेल्या, वाफांचा त्रास नसलेल्या, साठी ओलांडलेल्या बाईला केवळ हाडांसाठी हार्मोन सुरू करा, असं मी म्हणणार नाही. बावन्न वर्षांची, वाफांनी हैराण आणि डेक्सात हाड विरळ निघालेली बाई असेल तर मात्र एका औषधात दोन्ही कामं होतात, आणि तिच्यापुढे हा पर्याय न मांडणं चूक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांच्या पाकिटावरचे काळ्या चौकटीतले बरेच इशारे काढायचं जाहीर केलं. ती बातमी वाचून उद्या सत्तरीच्या बायकाही हार्मोन मागायला येतील अशी मला काळजी वाटते. चौकट गेली म्हणून वय गेलं नाही.

साठीच्या पुढे मग हाडांची औषधं, आणि त्यांच्या भीतीचाही हिशोब मांडायला हवा. ती आठवड्याची गोळी म्हणजे बहुधा एलेन्ड्रोनेट; ती आठवड्यातून एकदा, रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. आपल्याकडे ती चहाबरोबर घेतली जाते, वर लगेच कॅल्शियमची गोळी, आणि मग पुन्हा पलंगावर. चहाने आणि कॅल्शियमने औषध अंगी लागत नाही, आडवं झाल्याने अन्ननलिका भाजते. त्रास तेवढा होतो, फायदा बुडतो, आणि दोष गोळीला. ज्या बायका पूजा आटोपल्याशिवाय चहा घेत नाहीत त्यांना मी सांगते, उठल्या उठल्या गोळी घ्या आणि बसून पूजा करा. त्यांची गोळी सुटत नाही, असा माझा अनुभव. अन्ननलिकेचा जुना त्रास असेल किंवा अर्धा तास ताठ बसवत नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक अॅसिड आहे. पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते, मूत्रपिंडं कमजोर असतील तर ते देता येत नाही, आणि ड जीवनसत्त्व आधी भरून काढावं लागतं.

जबडा सडण्याची गोष्ट खरी आहे. ती प्रामुख्याने कॅन्सरच्या रुग्णांत दिसली, ज्यांना याच जातीचं औषध कितीतरी मोठ्या मात्रेत, वरचेवर दिलं जातं. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या मात्रेत हा त्रास वर्षाला दहा हजारांत एकापासून लाखात एकापर्यंत धरतात. औषध सुरू करायच्या आधी किडलेली दाढ काढून घेणं, हिरड्या दाखवून घेणं, एवढ्याने तोही घटतो.

या औषधांनी मांडीचं हाड मधोमध मोडण्याचा धोका मला जास्त बोलण्यासारखा वाटतो, कारण तो आशियाई बायकांत अधिक आहे. कॅलिफोर्नियातल्या सुमारे दोन लाख बायकांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या दहा हजार आशियाई बायकांनी तीन वर्षं ही औषधं घेतली तर ९१ खुबे वाचतात आणि अशी ८ मांडीची हाडं मोडतात, असा त्याचा हिशोब. गोऱ्या बायकांत हेच आकडे १४९ आणि २. आपल्यासाठी सौदा त्यांच्याइतका चांगला नाही, तरीही चांगलाच आहे. वर्षांगणिक हा धोका वाढतो, म्हणून गोळीची पाच किंवा सलाइनची तीन वर्षं झाली की थांबायचं का, हे पुन्हा ठरवायचं असतं. आमच्याकडे नऊ-नऊ वर्षं जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी नेणाऱ्या बायका आहेत. त्यांना मी परत पाठवते. मांडीत किंवा जांघेत ठसठस सुरू झाली तर औषध थांबवून डॉक्टरांना गाठायचं, हे तर पट्टी देतानाच सांगायला हवं.

डेनोसुमॅबचं, म्हणजे दर सहा महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचं, उलट आहे. त्यात सुटणं हाच धोका. डोस लांबला की थोपवलेली झीज उसळून येते आणि एकाच वेळी दोन-तीन मणके चेपू शकतात. मुलाकडे पुण्याला किंवा अमेरिकेला सहा महिने जाणाऱ्या आईला हे इंजेक्शन सुरू करताना पुढचा डोस कुठे आणि कोण देणार, हे आधी ठरलेलं असावं. बंद करायचं तर त्याच्या जागी दुसरं औषध द्यावंच लागतं.

या सगळ्या हिशोबात एक रकाना आपण कोराच ठेवतो. औषध घेतल्याचे दुष्परिणाम लिहितो, न घेतल्याचे लिहीत नाही. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांतला एक किंवा त्याहून जास्त वर्षभरात दगावतात, असं अनेक देशांतल्या नोंदी सांगतात. जे राहतात त्यातले कित्येक पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत. आणि त्या बाईसोबत घरातली आणखी एक बाई, सून किंवा मुलगी, नोकरी सोडून घरी बसते.

सरकारी हिशोबातही तोच रकाना कोरा आहे. आयुष्मान भारतमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचं संरक्षण मिळालं, ही फार चांगली गोष्ट झाली. पण ते भरती झाल्यावरचं आहे. खुबा मोडला तर ऑपरेशन योजनेतून होऊ शकतं. तो मोडू नये म्हणून लागणारी डेक्सा आणि गोळी बाईने पदरमोड करून घ्यायची. तिशीच्या वरच्यांसाठी घरोघरी जी तपासणी चालते तिच्यात रक्तदाब, साखर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, हाडं नाहीत. आशाताई दारात आलेलीच असते. पाळी कधी गेली, पिशवी काढली का, कितव्या वर्षी, आईचा खुबा मोडला होता का, एवढे प्रश्न तिच्या फॉर्ममध्ये वाढवले तर कुणाला डेक्साला पाठवायचं ते निवडता येईल. मग ती डेक्सा प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मोफत हवी, आमच्या एमजीएमपासून सुरुवात करावी. टाचेच्या शिबिरांना हॉल देणाऱ्या आपल्या मंडळांनीही हॉल देण्यापूर्वी विचारावं, की आकडा वाईट निघालेल्या बाईला पुढे कुठे पाठवणार आहात?

आणि त्याही आधी ते डिस्चार्ज कार्ड. त्यावर साध्या हिंदीत दोन ओळी लिहायच्या: अंडाशय ठेवले की काढले, आणि काढले असतील तर हार्मोनबद्दल कुणाला, किती दिवसांत भेटायचं. त्यासाठी यंत्र लागत नाही, निधी लागत नाही, डॉक्टरांची दोन मिनिटं लागतात. ज्यांचं ऑपरेशन उद्या सकाळी आहे त्यांच्यापासून सुरुवात करता येईल, आणि ज्यांचं होऊन गेलं त्यांनी फाइल काढून ती तीन अक्षरं शोधावीत, सापडली तर या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावीत.